भावोजींचा वेग आणि माझं घड्याळ

त्या सकाळी सड्यावर घड्याळात जी वेळ आली ती मी सांगितली नाही. दुसरीच सांगितली. ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, ताईला ठाऊक नाही, आणि ज्यांची ती वेळ होती त्या भावोजींना तर नाहीच नाही. सांगायला बसलो की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून आधी हे टाकून दिलं. आता बाकीचं जमेल तसं सांगतो.

मी कसालच्या जवळ एका हायस्कुलात खेळाचा मास्तर. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. मुलांच्या शंभर मीटरच्या, चारशे मीटरच्या वेळा घेण्यात उमेदीची वर्षं गेली. मोठा माणूस म्हणून माझं नाव कुणी घेणार नाही, पण माझ्या घड्याळाबद्दल तालुक्यात कधी कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. एखाद्या पुढाऱ्याचा मुलगा असो की डोंगरपट्टीतून अनवाणी आलेला पोर, घड्याळात आलं तेच मी ओरडून सांगायचो. दुसरं फार काही जमलं नाही, पण एवढं केलं, असं मला वाटायचं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिठबावला त्यांचं घर, आणि घरामागे माडांच्या सावलीत पत्र्याची मोठी शेड. तिथे ते फायबरच्या होड्या बांधतात आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. शेडमध्ये शिरलं की रेझिनचा उग्र वास नाकात बसतो, तो घरी आल्यावरही जात नाही. मी गेलो की हातातलं काम न सोडता म्हणणार, "इलस मास्तरा? बस. ताय चाय हाडता." मग ताई आतून, "चाय हाडूक ताय, आणि बसूक मास्तर. घोव मात्र माजो गाडयेच्या खाली."

कारण होड्यांच्या मधोमध एक मोटरसायकल उभी असे. जुनी टू-स्ट्रोक, एके काळी आमच्याकडे प्रत्येक पोस्टमनकडे आणि प्रत्येक दूधवाल्याकडे असायची तसली. भावोजींनी ती भंगारातून आणली. दुसऱ्या कुठल्याशा राज्यात एका बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून एकदा वेगाच्या चाचण्या होतात, इंजिनाच्या आकाराप्रमाणे वर्ग असतात, आणि त्यांच्या वर्गाचा एक विक्रम आहे, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. तेव्हापासून विक्रमाचा तो आकडा त्यांच्या डोक्यात बसला. शेडच्या पत्र्यावर त्यांनी तो रंगाच्या ब्रशने लिहूनही ठेवला होता. होडी घ्यायला येणारे लोक विचारायचे, "ह्यो फोन नंबर अर्धोच कसो?"

मला आधी वाटलं, चार महिने चालेल आणि थांबेल. थांबलं नाही. पिस्टन त्यांनी स्वतः घासून हलका केला. पहिला फुटला, दुसरा फुटला. सायलेन्सरसाठी पत्रा कापून, शेंगदाण्याच्या पुडीसारखे शंकू वळून ते वेल्डिंगने जोडायचे. आवाज बदलला की खूश, चार दिवसांनी शंकू तडकला की पुन्हा पहिल्यापासून. तडकलेले सायलेन्सर माडाखाली पडून असत. ताईने त्यांतले दोन काकडीच्या वेलाला आधार म्हणून पुरले होते. "लोकांचे घोव दारू पितत," ती म्हणायची, "माजो पेट्रोल पिता." पण हे म्हणताना ती हसत असे, हे मी मुद्दाम सांगतो. तिच्या हसण्याचा मला पुढे फार घोळ झाला.

मी त्यात कसा शिरलो? घड्याळामुळे. भावोजींनी स्वतःलाच एक अट घातली होती. इथे आपल्या सड्यावर, आपल्या माणसाच्या घड्याळात विक्रमापेक्षा चांगली वेळ आली तरच गाडी घेऊन त्या धावपट्टीवर जायचं. नाहीतर नाही. "थय जावन हसा करून घेवचा नाय," ते म्हणाले. "आणि तुजा घड्याळ खोटा बोलाचा नाय, ता माका ठावक आसा."

मिठबावच्या वर सडा आहे. कातळाचं उघडं पठार, पावसाळ्यानंतर थोडे दिवस फुलांनी भरतं आणि मग वाळून पिवळं पडतं. त्यावरून एक सरळ डांबरी रस्ता जातो. सकाळी मासळीचे टेम्पो निघून गेले की घटकाभर तिथे कुणी नसतं. रस्ता सगळ्यांचा, तिथे असले उद्योग करणं चूकच, ते आम्हाला कळत होतं. तरी आम्ही गेलो. शाळेच्या मैदानाची जुनी कापडी टेप घेऊन मी आणि भावोजींनी अंतर मोजलं, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. मोजताना मधेच एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत आला, आम्ही बाजूला झालो, आणि परत टेप धरली तेव्हा ती आतापर्यंत किती वेळा टाकून झाली यावरून आमच्यात वाद लागला. भावोजी एक म्हणाले, मी एक म्हणालो. शेवटी, "तू मास्तर, तुजाच खरा," म्हणून त्यांनी माझा आकडा धरला. तेव्हा ही फालतू गोष्ट वाटली.

सोपी पद्धत होती. पहिल्या रेघेवर ताई उभी राहायची, हातात जुन्या साडीचं लाल फडकं. भावोजी लांबून वेग घेत यायचे, रेघ ओलांडताना ताई फडकं खाली करायची, तिकडे दुसऱ्या टोकाला मी घड्याळ सुरू करायचो आणि ते माझ्यापुढून गेले की बंद. मग उलटं. जाऊन येऊन दोन्ही वेळांची सरासरी, कारण सड्यावर समुद्राचा वारा असतो आणि एका बाजूने तो ढकलतो.

सुरुवात करण्याआधी रस्त्याच्या कडेला एक नारळ ठेवून भावोजी गाऱ्हाणं घालायचे. गावात कुठल्याही कामाला घालतात तसंच. ते देवाला सगळं मोठ्याने सांगणार आणि आम्ही दोघांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. गाडीच्या टाकीवर पालथं झोपलेल्या माणसाला देव कशाला पाहिजे, असं काहीतरी.

वेळा चांगल्या येत होत्या, पण विक्रमाच्या जवळ नाही. मग भावोजींनी वाऱ्यासाठी गाडीला फायबरचं कवच केलं. आणि काय केलं? होडीच केली. पुढे टोकदार नाळ, म्हणजे होडीचं पाणी कापणारं तोंड, मागे सपाट कापलेलं, जिथे होडीला इंजिन लावतात तसं. गाडी आणखी हळू झाली. भावोजींना काही उमगेना. त्यांनी नाळ आणखी टोकदार केली, वेग आणखी पडला. शेडमध्ये येणारा जो तो सल्ला द्यायचा, नाळ वर काढा, नाळ लांब करा. सगळे होडीवाले. मीही मान डोलवायचो. पाणी कापायला जे लागतं तेच वारा कापायला, यात शंका घेण्यासारखं कुणाला काही दिसतच नव्हतं.

उलगडा ताईच्या अंगणात झाला. ती कुपा मासा कापायला बसली होती. भावोजी बाजूला बसून, चहा थंड होईतो, रस्त्याकडे बघत.

"खंय बघतास?" ती म्हणाली. "मासो कापूक येवचो नाय, निदान बघूक तरी येवा."

"बघतंय मगे."

"ह्येका नाळ खंय आसा?" तिने मासा शेपटीला धरून उचलला. "होडी पाण्याच्या वर चलता. ह्यो आत चलता. तुमची गाडी वाऱ्याच्या वर चलता काय?"

तिने थट्टाच केली होती. भावोजी मात्र उठले, मासा तिच्या हातातून घेतला आणि शेडमध्ये गेले. मासा पुढे भरदार, गोल, आणि शेपटीकडे निमुळता होत गेलेला. त्या दिवशी आमच्या जेवणात मासा नव्हता, कारण तो साच्याशेजारी फळीवर पडून होता आणि मांजराने नेला.

नवं कवच व्हायला बरेच दिवस लागले. पुढे गोल, मागे लांब शेपटी. ती सकाळ मला नीट आठवते आणि आठवतही नाही. गाऱ्हाणं झालं, ताई चालत तिच्या रेघेकडे गेली. जाताना थांबून मला म्हणाली, "तू आसस म्हणान बरा." एवढंच. हसत होती की नव्हती? मी कितीदा तो चेहरा आठवायचा प्रयत्न केला आहे. तू आहेस म्हणून धीर आहे, असं म्हणाली? की तू आहेस, तूच थांबव, असं? त्या क्षणी मला ते दुसरं, थांबव असं, ऐकू आलं. आज मला कुठलंच नीट ऐकू येत नाही.

लांबून आवाज आला. आधीपेक्षा बारीक, ताणलेला. लाल फडकं खाली आलं, मी बटण दाबलं. ते आले. मी आयुष्यभर माणसांना धावताना पाहिलं आहे, एवढ्या वेगात घरचं माणूस कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या रेघेच्या अलीकडे, अगदी थोडं अलीकडे, मला दिसलं की पुढचं चाक थरथरतंय. हँडल डावी-उजवीकडे, बारीक, जलद, ताप भरलेल्या माणसाचे दात वाजावेत तसं. मग ते माझ्यापुढून गेले, थरथर थांबली, आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं होतं.

परतीची वेळ वाऱ्याविरुद्ध होती, थोडी जास्त. सरासरी मी मनातल्या मनात काढली, दोनदा काढली. विक्रमापेक्षा चांगली होती.

भावोजी गाडी ढकलत आले. डोळे लाल, कपाळावर किडे चिकटलेले. ताई लांबून फडकं हातात घेऊन चालत येत होती.

"मास्तरा, काय झाला?"

मी घड्याळ शून्यावर नेलं होतं. का नेलं, तेव्हाच नेलं का, ठाऊक नाही.

"कमी पडलात भावोजी," मी म्हणालो.

"किती?"

इथे मी दुसरी चूक केली, आणि मला वाटतं खरी चूक हीच. खोटं बोलायचंच होतं तर मोठं बोलायला हवं होतं. फार कमी पडलात, गाडीत दम नाही, सोडा. पण एवढं मोठं खोटं तोंडातून निघेना. तोंड वर्षानुवर्षं खरं सांगून सवयीचं झालेलं. मी म्हणालो, "थोडे."

भावोजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "थोडे? मेल्या, थोडे म्हंजे गावलोच तो! आता काय ऱ्हवला?" आणि ताईकडे वळून ओरडले, "आयकलंस गो? थोडेच कमी!"

ताई फडकं घडी करत राहिली.

चाक थरथरलं होतं हे मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मला वाटलं, वेळ कमी आली म्हटल्यावर ते थांबतीलच, मग चाकाचं कशाला. असंही असेल की चाकाचं सांगितलं असतं तर त्यांनी ते दुरुस्त केलं असतं आणि पुन्हा गेले असते. आणखी एक शक्यता आहे, ती लिहायला मला बराच वेळ लागतो आहे. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. नेहमी कडेलाच उभा असतो. माझ्यापुढून माझा भावोजी, होडीवाला माणूस, असा गेला, आणि माझ्या आत काहीतरी गच्च आवळलं. ती भीती होती असं मी स्वतःला सांगत आलो. भीती होतीच. पण ती सगळी भीतीच होती का, याची खात्री मला देता येत नाही.

"थोडे कमी" भरून काढायला भावोजींनी गाडी हलकी करायला घेतली. जिथे तिथे भोकं पाडली. पुढचा भाग जास्त हलका केला, कारण तिथेच जास्त लोखंड होतं. मी शेडमध्ये बसून चहा पीत ते बघत होतो. माझ्या तोंडाशी दहादा आलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, ते विचारतील. एक दिवस सरकला की पुढच्या दिवशी सांगणं आणखी अवघड व्हायचं.

पुन्हा सडा. पुन्हा नारळ. भावोजींनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या सड्यार तुजी लेकरां उभी आसत."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

"वाटेत काय आडवा येयत, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माज्या मेवण्याच्या हातातला घड्याळ आज खरा बोलांदे रे म्हाराजा!"

ताई म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण माझा आवाज आला नव्हता. भावोजीही थांबले. गाऱ्हाण्यात कुणी गप्प राहिलं तर गाऱ्हाणं पुढे जात नाही. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

त्यांनी ते वाक्य का घातलं? संशय होता? की वेळ चांगली यावी एवढंच त्यांना म्हणायचं होतं? मी आजही त्यांच्या बोलण्यात याचं उत्तर शोधत असतो, आणि सापडत नाही.

त्या वेळी चाक माझ्या रेघेच्या बऱ्याच अलीकडे थरथरायला लागलं आणि थांबलं नाही. समुद्राकडून वाऱ्याचा तिरका झोत आला, कवचाची लांब शेपटी एका बाजूला गेली, आणि गाडी पडली. भावोजी कातळावरून घसरत गेले. मी धावलो. लांबून ताई धावत होती, फडकं अजून हातात. माझ्याआधी ती पोचली की मी, तेसुद्धा नक्की सांगता येत नाही.

मासळीच्या एका रिकाम्या टेम्पोतून त्यांना नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. टेम्पोत मासळीच्या वासात उताणे पडून त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, पाणी मागतायत.

"घड्याळ थांबवलंस?"

थांबवलं होतं. पडले त्या क्षणी अंगठ्याने दाबलं होतं. कशाची वेळ घेतली मी, देव जाणे.

दवाखान्याच्या बाहेर ताईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तू होतस म्हणान वाचले," म्हणाली. "मी एकटी काय केला असता?" मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. त्याहून वाईट माझ्याशी कुणी वागलं नसेल, आणि तिचा काही दोष नव्हता.

भावोजी आता लंगडत चालतात. होड्या बांधतात. पुढची काही वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. ते कधी चिडले नाहीत, देवाला बोल लावला नाही. एवढंच म्हणायचे, "गाडयेत तेवढा नव्हता. असता तर एकदा तरी इला असता." हे वाक्य ते कुणालाही सांगायचे, होडी घ्यायला आलेल्या माणसालाही. मी शेजारी बसून ऐकायचो.

मधे एकदा कुणकेश्वराच्या जत्रेला गेलो असता परत येताना मी मुद्दाम सड्याकडून आलो. गाडी थांबवून उतरलो. म्हटलं, निदान अंतर पुन्हा मोजावं. टेपचा तो वाद डोक्यात होता. तेव्हा मी एक टेप जास्त धरली असली, तर जी वेळ मी लपवली तीच खोटी होती, विक्रम झालाच नव्हता, आणि मी एवढी वर्षं उगाच जळतो आहे. खरं सांगू? तसं निघावं असं मला वाटत होतं. पण रस्ता नवा झाला आहे. चुन्याच्या रेघा नव्या डांबराखाली गेल्या. ताई कुठे उभी राहायची ते मला दाखवता आलं नाही. मी इकडून तिकडे दोनदा चाललो आणि घरी आलो. तेव्हा भावोजींनी त्या दिवशी तो आकडा गाठला की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या घड्याळात मात्र गाठला होता. त्यांची अट माझ्या घड्याळाची होती.

गेल्या महिन्यात मिठबावला गेलो तर शेडमध्ये ताडपत्री नव्हती. गाडी पुन्हा चाकांवर उभी. नवं कवच, शेपटी आणखी लांब. भावोजी खाली वाकून काही कापत होते, एक पाय लांब सोडून, कारण तो आता दुमडत नाही.

"इलस मास्तरा? सडो सुको होयत, मगे घड्याळ घेवन ये."

"भावोजी, हा पाय?"

"पाय कशाक होयो? गाडयेक चाकां आसत." आणि हसले. "ह्या टायमाक एकदा तरी येयत बघ. एकदाच बघूचो आसा माका."

ताई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी फडक्या धुवन ठेवलंय." हसत होती? तेही मला सांगता येणार नाही.

पाऊस अजून आहे. सडा ओला आहे. गेले कित्येक दिवस मी फोन हातात घेतो आणि ठेवतो. खरं सांगितलं तर ते थांबतील की उद्याच त्या धावपट्टीचा रस्ता धरतील, मला ठाऊक नाही. माझ्याशी बोलतील का, तेही नाही. ताई काय म्हणेल, ते तर विचारूच नका. हे लिहून झालं तरी त्यांना वाचता यायचं नाही. वाचायला त्यांना चष्मा लागतो आणि चष्मा ते घालत नाहीत. म्हणजे समोर बसूनच सांगावं लागेल, सडा सुकायच्या आत.

मी भावोजींना त्या सकाळची खरी वेळ देणं लागतो. आणि चाक तेव्हाच थरथरलं होतं, हेही. दोन्ही अजून दिलेलं नाही.